पहिला दाब

रविवार, ४ तारीख

बारके,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही होत नाही, म्हणून कागद. कागदावर खूण उमटत नाही, त्यामुळे तू वाचलंस की नाही हे मला कळणार नाही. दोघांच्याही सोयीचं. अक्षर वाईट आलंय, कारण उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. का आहे ते पुढे येईल.

मला एकच प्रश्न विचारायचा आहे. पण आधी स्वयंपाकघरातल्या नळाचं सांगतो, नाहीतर तुला वाटेल, हा सात वर्षांनी उगाच काहीतरी उकरून काढतोय.

महिनाभर आमचा नळ खोकत होता. उघडला की आधी फुस्स, मग दोन पिचकाऱ्या, मग करंगळीएवढी धार. तुझी वहिनी म्हणाली, "प्लंबरला बोलवा." मी म्हटलं, या घरात कधी प्लंबर आलाय का? ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते." मी वायसर बदलला, जाळी धुतली, टाकीपासून नळापर्यंत बावीस फूट पाइप टॉर्च घेऊन तपासला. दोष कुठेच नाही. मग आठवलं, गेल्या वर्षी दार रुंद करताना तो पाइप मीच चौकटीवरून फिरवला होता. वर चढतो, आडवा जातो, परत खाली उतरतो. पाण्यातली हवा त्या कमानीच्या माथ्यावर जाऊन बसली होती. खालचा नळ दिवसभर उघडा ठेवला तरी ती निघाली नसती, कारण ती बसली होती वर आणि मी वाट करून देत होतो खाली. माथ्यावर एक छोटी चावी बसवली, फिरवली, सात-आठ सेकंद सूं आवाज आला आणि संपलं. (अंगठा तिथे कापला.) नळ आता असा धो धो येतो की वहिनी म्हणते, "जरा कमी करता येईल का?"

आता गॅरेज. मागच्या भिंतीला ओल आली आहे, गिलावा खरवडायचा आहे, म्हणून गाडी पुढे घ्यायला हवी. काल कापड काढलं. चारही टायर बसलेले, बॅटरी मेलेली. बाकी गाडी ठीक आहे. तुला ठाऊक नसेल, पण अपघात झाला त्या वर्षीच मी तिचा पुढचा भाग दुरुस्त केला होता. रेडिएटर नवा, दिवा नवा, बंपर सरळ. फक्त डाव्या अंगाचा लांब ओरखडा तसाच ठेवला. चालवली मात्र एकदाही नाही.

तर आत बसलो आणि सवयीने ब्रेक दाबून बघितला. आणि नळ आठवला. का आठवला ते सांगता येत नाही. हाताला आधी कळतं, डोक्याला मागाहून.

प्रश्न असा. त्या दिवशी दवाखान्यावरून येताना, उतारावर, शाळेच्या भिंतीआधी, तू पहिल्यांदा ब्रेक दाबलास तेव्हा पॅडल कुठपर्यंत गेलं? आणि एकूण किती वेळा दाबलास? ("दाबलास" असं सोयीसाठी लिहिलंय. त्यातून काही अर्थ काढू नकोस.)

केवळ उत्सुकता म्हणून विचारतोय.

आई बरी आहे. गुडघा आहे तसाच. तिच्याकडून कळलं, ऑफिसात तुला वरची जागा देतायत. चौदा पाण्याच्या टाक्यांची देखरेख, फिरती, गाडी स्वतः चालवावी लागेल, आणि तीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. अभिनंदन. बाकी तुझं तू बघ.

दादा


शुक्रवार, ९ तारीख

बारके,

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. आईने चष्मा शोधला, पुसला, लावला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून मोठ्याने वाचलं: "पहिल्यांदा पार खाली गेलं. मग दोन-तीनदा मारला तेव्हा थोडा लागला. पण तो ब्रेकच होता का, याची मला आता खात्री नाही. का विचारतोय तो?"

वाचून झाल्यावर आई म्हणाली, "खरंच, का विचारतोयस?"

मी म्हटलं, "तांत्रिक आहे."

"तांत्रिक असलं की तू माझ्याकडे बघून बोलत नाहीस," ती म्हणाली.

उत्तर त्रोटक आहे, पण कामाचं आहे. "खात्री नाही" हे मी चारदा वाचलं. त्याच्या आधीचं वाक्य मात्र तू लिहून मोकळी झालीस आणि त्यात काय आहे हे तुला कळलेलं दिसत नाही. सांगतो. क्लच कितीही वेळा दाबा, दर वेळी सारखाच जातो. पहिल्यांदा खाली, दुसऱ्यांदा खाली, दहाव्यांदा खाली. लागोपाठ दाबल्यावर जे हळूहळू वर येतं ते फक्त ब्रेकचं पॅडल, आणि तेही आत हवा शिरली असेल तरच. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पहिला दाब हवा खाते, तिसरा-चौथा कुठे चाकापर्यंत पोचतो.

म्हणजे तुझा पाय कुठे होता, हे तुझ्याच वाक्यावरून ठरवता येतं. इतकी वर्षं तुला हे कुणी विचारलंच नव्हतं. "कुणी" म्हणजे मी.

पण लगेच काही ठरवू नकोस. दुसरी बाजूही आहे. मी स्वतः दुसऱ्या दिवशी गाडीत बसून ब्रेक बघितला होता, आणि तो दगडासारखा घट्ट होता. तुला आठवत असेल, कारण दवाखान्याच्या व्हरांड्यात मी ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आत आईच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया चालू होती. काका होते, वहिनी होती, तुझ्या ऑफिसातल्या दोघी होत्या. मी म्हणालो होतो, "ब्रेकला काहीही झालेलं नाही. हिचा पाय क्लचवर होता." तू खाली मान घालून स्वतःच्या पायाकडे बघत होतीस.

तर घट्ट ब्रेक ही एक गोष्ट, आणि तुझं वाक्य ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी खरी कशी? हे कोडं मला सुटलेलं नाही, आणि न सुटलेलं काही घरात असलं की मला जेवण जात नाही, हे तुला माहीत आहे.

म्हणून त्या आधीच्या रविवारी मी काय काय केलं होतं ते आठवून लिहितो. पुढचे ब्रेक पॅड बदलले. दोन्ही चाकं काढली, दोन्ही कॅलिपर सोडवले. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा लोखंडी चिमटा. इतके मळले होते की तसेच परत लावणं माझ्याच्याने होईना. वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले, तारेच्या ब्रशने घासले, पॉलिश पेपर मारला, जुन्या टूथब्रशने खाचाखोचा काढल्या, उष्णता सोसणारा चंदेरी रंग दिला. दोन हात. तू आलीस आणि म्हणालीस, "दादा, गाडीला लावायचेत की शोकेसमध्ये मांडायचेत?"

मग जोडले. मग हवा काढली. तू आत पॅडलवर, मी खाली पाना घेऊन. दाब, धर, सोड. तू दाबून धरायचीस, मी निप्पल, म्हणजे कॅलिपरवरचं हवा सोडायचं बारीक तोंड, उघडायचो, ऑइलबरोबर हवा बाहेर पडायची, मी बंद करायचो, तू सोडायचीस. तू तेरा वर्षांची असल्यापासून हे काम आपण दोघांनीच केलंय. एकही बुडबुडा न येता स्वच्छ ऑइल येईपर्यंत केलं. तू काही तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

परवा चाकं खोलतो. कळवतो.

दादा


रविवार, ११ तारीख

बारके,

सकाळी नऊला गाडी जॅकवर घेतली. खाली लाकडी ठोकळे दिले. चाकाचे नट गंजले होते, पान्याला तीन फुटी पाइप लावून त्यावर उभा राहिलो तेव्हा सुटले. उजवं चाक निघालं आणि मी जमिनीवर बसलो तो बराच वेळ बसूनच होतो.

कॅलिपरच्या पोटात ऑइल असतं आणि त्या पोटाला हवा काढायचा छोटा निप्पल. तो वरच्या टोकाला असायला हवा. का, ते तुला नळाच्या गोष्टीवरून कळेल. हवा वर जाऊन बसते, तर वाटही वरच हवी.

आपल्या गाडीला तो खाली आहे.

मी मान वाकडी करून बघितलं. टॉर्च लावून बघितलं. मोबाइलवर फोटो काढून फोटोत बघितलं. फोटोतही खालीच. डावं चाक काढलं. तिथेही खाली. डावा कॅलिपर उजवीकडे लावला आणि उजवा डावीकडे, तरच असं होतं. दोघे एकमेकांचे आरशातले चेहरे असतात. बोल्ट बसतात, पाइप थोडा पिळला जातो पण पोचतो. त्या दिवशी पाइपाला पीळ पडला होता हेही आता आठवतंय. मी म्हटलं होतं, रबर आहे, बसेल.

म्हणजे आपण दोघं तासभर दाब-धर-सोड करत होतो, आणि खालच्या तोंडातून स्वच्छ ऑइल येत होतं, आणि हवा वर आरामात बसून होती.

यावर माझं पहिलं म्हणणं असं होतं की हे शक्यच नाही. मी खुणा केल्याशिवाय काही सोडवत नाही. घड्याळ उघडलं तरी स्क्रू घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे गोल मांडून ठेवतो. उरलेल्या स्क्रूंच्या बरणीवरून तू जे चिडवायचीस, त्या बरणीत माझ्या चुकीचा एकही स्क्रू नाही, सगळे कारखान्याने जास्तीचे दिलेले आहेत. तर खूण कुठे गेली? हे शोधायलाच हवं होतं. उजव्या कॅलिपरवर रंगाची एक खपली सुटली होती. नखाने उचलली. खपलीच्या आतल्या अंगाला खडूचं पांढरं अक्षर होतं, उलटं उमटलेलं. "डा". माझ्याच हाताचं. उजव्या चाकावर.

घासून झाल्यावर पुन्हा खडूने डावं-उजवं लिहून ठेवणारा मी, आणि लिहिलेल्यावरून चंदेरी रंगाचे दोन हात देणाराही मीच. मळकेच ठेवले असते तर चुकले नसते.

तरीसुद्धा, मी स्वतःला म्हटलं, घाई नको. उतार होता, वेगही असेल. यातून इतकंच सिद्ध होतं की ब्रेक पूर्ण लागत नव्हता. तू काय केलंस ते यातून कळत नाही. असं मनात मांडत होतो, तेवढ्यात आई आली. काठी टेकत तीन पायऱ्या उतरून. मी म्हटलं, हाक मारायचीस, मी आलो असतो. ती रंगाच्या उलट्या डब्यावर बसली आणि म्हणाली, "सापडलं का काय ते?"

मी तिला सगळं सांगितलं. निप्पल, हवा, नळ. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तिने सांगितलं होतं की तुला."

"काय?"

"मऊ लागतंय म्हणून. मी वरती खिडकीत कपडे वाळत घालत होते. ती गाडीतून ओरडली, दादा, गादीवर पाय ठेवल्यासारखं लागतंय. आणि तू खालून म्हणालास, नवीन पॅड आहेत, बसतील. तू फक्त दाब."

बारके, मागच्या पत्रात मी लिहिलं की तू काही तक्रार केल्याचं आठवत नाही. ते खरं नव्हतं. आठवत होतं.

आई म्हणाली, "त्या जागेला ती नाही कळवणार आहे. फोनवर म्हणाली, माझ्या पायाचा भरवसा नाही गं, ऐन वेळी तो कुठे जाईल सांगता येत नाही."

मग गुडघा चोळत म्हणाली, "माझ्या पायाचं काय ते झालं. तिच्या पायाचं बघ आता."

पायऱ्या चढताना तिने मला हात लावू दिला नाही.

दादा


शुक्रवार, १६ तारीख

बारके,

पाच दिवस लिहिलं नाही. काय करत होतो ते आधी सांगतो, मग दुसरं.

बाटलीचा प्रयोग केला. औषधाची काचेची बाटली, बुचाला दोन भोकं, एकाला सिरिंज, दुसऱ्याला नळी. नळीचं तोंड वर ठेवलं की हवा दोन दाबांत बाहेर. तोंड खाली ठेवलं की वीस दाब दिले तरी बुडबुडा जागचा हलत नाही. काच असल्यामुळे दिसतो. गोल, शांत, मजेत. वहिनी बघत होती. म्हणाली, "आता पुरे. आता तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. पण माझं मला माहीत असण्यावर माझा विश्वास राहिला नव्हता, हे नवीनच होतं. म्हणून गुरुवारी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. हो, त्याच. जिथून वीस वर्षं मी मान ताठ ठेवून पुढे जातो. मेस्त्री गाडीखालून बाहेर आला, मला बघितलं आणि म्हणाला, "साहेब, रस्ता चुकलात?"

मी म्हटलं, "एक गोष्ट बघायची आहे. घरी यावं लागेल."

"तुमच्या घरी? आणि हत्यारं कुणाची वापरू? माझी तुम्हाला चालणार नाहीत, तुमची मला हात लावू देणार नाही."

"हत्यार नको. नुसतं बघायचंय."

तो हात पुसत आला. गाडीसमोर उकिडवा बसला. मी मनात मोजत होतो. चारपर्यंत पोचलो.

"निप्पल खाली," तो म्हणाला. मग डावीकडे जाऊन बघितलं. "इकडेपण. अदलाबदल झालीय. हे कुणी केलं?"

मी म्हटलं, "मी."

एवढं बोलायला किती वेळ लागला ते त्याला विचारलं पाहिजे. मी मोजलं नाही.

"दोन्ही एकदम काढले होते ना?"

"हो."

"आमच्याकडे कामाला लागला की पहिल्या दिवशी सांगतो, एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात नाही लावायचा. इकडची बघून तिकडची जोडायची."

"पुस्तकात हे कुठेच नव्हतं," मी म्हटलं.

"लिहिणाऱ्याला वाटलं असेल, एवढं तर कुणालाही कळतं." त्याने कॅलिपरवर बोट फिरवलं. "रंग मात्र झकास दिलाय."

मग तो उठला आणि गाडीच्या डाव्या अंगाने चालू लागला. तो ओरखडा पुढून मागे हाताने चाचपत गेला. "हे भिंतीचं?"

"शाळेची भिंत. उताराच्या तळाशी. पुढे फाटकाच्या खांबाला धडकली."

"गाडी कोण चालवत होतं?"

"बहीण. आई शेजारी होती."

तो ओरखड्याच्या सुरुवातीला परत गेला. "हे बघा. इथे नुसता रंग गेलाय. इथून पत्रा दबायला लागला. इथे खोल. एकदम नाही आदळली. टेकवली आणि मग दाबत नेली. वेग मारायला." मग खिडकीतून आत बघत म्हणाला, "हँडब्रेक ओढला होता का बाईंनी?"

सात वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं.

मी म्हटलं, "ओढलेला होता. पार वरपर्यंत. गाडी ओढून आणायच्या वेळी मीच खाली केला."

तो खिडकीतून मागे झाला. मग म्हणाला, "पुढे ब्रेक नाही, खाली शाळेचं फाटक. बाईंनी गाडी माणसांत नाही घातली, भिंतीला लावली. पोरांच्या जिवाचं भलं झालं. माझ्या गॅरेजात असं चालवणारा एक माणूस नाही, साहेब."

चहा घेणार का विचारलं तर म्हणाला, "पुढच्या खेपेला. आज तुम्ही घ्या."

आता दुसरं. ते तुला सरळ लिहितो, कारण तिरकं वागून सात वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसून मी ब्रेक बघितला, तो घट्ट होता, असं मी सांगितलं. मी चार वेळा दाबला होता. चौथा दाब घट्ट होता. पहिला दाब पार तळाला गेला होता. मला तो पायाला कळला होता. मी लगेच दुसरा दिला, तिसरा दिला, आणि चौथा हाती लागल्यावर गाडीतून उतरलो आणि दवाखान्यात येऊन बोललो. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलं नाही. पहिला दाब मोजलाच नाही, एवढंच. जो माणूस स्क्रू मोजतो, पाइपाचे फूट मोजतो, त्याने पहिला दाब मोजला नाही.

हँडब्रेक बघितला होता. तोही मोजला नाही.

गाडी दुरुस्त करूनही मी का चालवली नाही, हे मला वाटतं आता मला कळतं. चालवली असती तर पहिल्याच वळणावर माझ्या पायाने मला सांगितलं असतं.

तुझा पाय ब्रेकवर होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आईचा गुडघा माझ्याने गेला, आणि तुम्हा दोघींचे जीव तुझ्याने वाचले. हे मी काल रात्री जेवताना आईला आणि वहिनीला सांगितलं, सकाळी काकांना फोन करून सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे तेव्हा जे बोललास ते?" मी म्हटलं, "चूक बोललो. तेव्हा तुमच्यासमोर बोललो, म्हणून आता तुम्हालाच सांगतोय." तुझ्या ऑफिसातल्या त्या दोघींची नावं मला माहीत नाहीत. कळवलीस तर त्यांनाही लिहीन.

तू रागावून सात वर्षं घरी आली नाहीस. तुझं बरोबर होतं.

दादा


सोमवार, १९ तारीख

बारके,

हे छोटं आहे.

कॅलिपर आपापल्या जागी लावले. आधी उजवा पुरा केला, मग त्याच्याकडे बघून डावा. निप्पल वर आहेत. रंग काढून टाकला, आता दोन्ही साधे काळपट दिसतात. पाइप नवे घातले. ऑइल नवं. टायर, बॅटरी मेस्त्रीने आणून दिली. गाडी चालू होते. लगेच झाली, लाजही वाटली.

हवा काढलेली नाही.

एकट्याने काढता येते. नळी आणि बाटली लावून मी पूर्वी केलेलं आहे, तुला माहीत आहे. वहिनी म्हणाली, मी दाबते. आई म्हणाली, मी दाबते, माझा उजवा पाय चांगला आहे. दोघींनाही नको म्हटलं. तुझ्या पायाशिवाय मी निप्पल उघडणार नाही. हा हट्ट वाटत असेल तर हट्ट. कारण मात्र खरं आहे: आमच्या घरात मऊ आणि घट्ट ओळखणारा एकच पाय आहे आणि तो तुझा. त्याचं म्हणणं मी एकदा ऐकलं नाही.

तीस तारखेला काय कळवायचं ते तू ठरव. मी काही सांगणार नाही. सांगण्याचा हक्क मी केव्हाच घालवला. फक्त नाही म्हणायचं असेल तर दुसरं कारण शोध. हे कारण आता शिल्लक नाही.

भिंतीची ओल अजून तशीच आहे. गिलावा राहिला.

दादा


शुक्रवार, २३ तारीख

दादा,

तुझी पाचही पत्रं मिळाली. आधीची चार मी आलेल्या क्रमाने वाचली नाहीत. पहिल्यातला तुझा प्रश्न तेवढा वाचून उत्तर पाठवलं आणि बाकीचं न वाचता ठेवून दिलं होतं. सोळा तारखेचं आधी वाचलं आणि मग मागे गेले, त्यामुळे तू पहिल्या पत्रात काय काय लपवत होतास ते वाचताना मला सगळं दिसत होतं. "केवळ उत्सुकता म्हणून" वाचून मी हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन बसले.

एक दुरुस्ती आहे. तू लिहिलंस, मी रागावून आले नाही. मी रागावले नव्हते. तू म्हणालास क्लचवर पाय होता, आणि तुला गाडीतलं सगळं कळतं, म्हणून मी मानलं. दादा चुकत नाही, असं मी धरून चालले. मला आठवत होतं ते पॅडल खाली जाणं, ते मी खोटं धरलं. तुझं खरं धरलं. मी आले नाही कारण आई चालताना माझ्याकडे बघायची आणि मला तिचा गुडघा बघवायचा नाही. इतकी वर्षं मी रस्ता ओलांडतानासुद्धा आधी पायांकडे बघते. ऑफिसला जायला दोन बस बदलते. त्या दिवशी शाळेचं फाटक उघडं होतं आणि एक बाई दोन मुलांना धरून उभी होती, ती मला रोज दिसते, आणि मी रोज स्वतःला म्हणायचे, तू तिला मारणार होतीस.

राग आता आलाय. तुझं सोळा तारखेचं पत्र वाचल्यावर. इतका आलाय की दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तुझा हँडब्रेक, तुझा तो चौथा दाब. टेलिफोनवर मावणार नाही एवढा आहे, म्हणून घेऊन येतेय.

रविवारी सकाळी येते. आईला सांग, जेवण जास्त नको करूस. वहिनीला सांग, नळ कमी करता येतो, खालची चावी अर्धी फिरव, यांना विचारू नकोस. ऑफिसातल्या दोघींची नावं आल्यावर सांगते. त्यांना पत्र नको. त्यांच्यासमोर येऊन बोल, जसं तेव्हा बोललास.

आधी हवा काढू. मी पॅडलवर, तू खाली. मग गाडी मी बाहेर काढीन, आधी आपल्या गल्लीत दोन फेऱ्या, मग दवाखान्यापर्यंत, मग उतारावरून खाली, शाळेच्या भिंतीपर्यंत. तू शेजारी बसायचंस. आईच्या जागेवर. काही बोलायचं नाहीस, सूचना द्यायच्या नाहीत, हँडब्रेकला हात लावायचा नाहीस. ऑफिसला काय कळवायचं ते मी त्या भिंतीपाशी थांबल्यावर ठरवीन.

आणि निप्पल उघडण्याआधी मी एकदाच दाबणार आहे. मऊ लागला तर मऊ म्हणेन. त्या वेळी तू गाडीखालून बाहेर यायचंस आणि माझ्याकडे बघून विचारायचंस, किती.

बारकी